कोथरूडचे तुकडे

प्रश्न : पायथॉनमध्ये पत्त्यांच्या यादीतून एरियाची नावं काढतोय, शोधायच्या पॅटर्नमध्ये (रेगेक्समध्ये) बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस (\w+) टाकलं की 'कोथरूड'चे क, थर, ड असे तुकडे पडतात, काय चुकतंय? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचं काही नाही हो. त्या डब्ल्यूला अक्षर, आकडा नि अंडरस्कोअर एवढंच कळतं, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना-मात्रा म्हणजे वेगळी खूण, ती आली की मॅच तिथंच तुटतो. त्याऐवजी [ऀ-ॿ]+ लिहा, देवनागरीचा अख्खा ब्लॉक, क्रमांक ०९०० ते ०९७एफ. यात दंड नि मराठी आकडेही येतात, पत्त्यांत चालून जाईल. पण कुणी 'दुसर्‍या मजल्यावर' जॉइनर (अक्षरं जोडणारी, न दिसणारी खूण) घालून टाइप केलं असेल तर तो जॉइनर ब्लॉकबाहेरचा, २००डी, शब्द परत फुटणार! मग तोही चौकटी कंसात घाला.