हुक्क्यासाठी जास्त वेळ टिकणारा कोळसा कोणता घ्यावा?

नारळाच्या करवंटीचा, डोळे झाकून. करवंटी दाट असते, म्हणून तिचा कोळसा सावकाश जळतो. २५ मिमीचा चौकोनी ठोकळा साधारण तासभर चालतो.

काडी लावताच तडतडत पेटणाऱ्या गोल चकत्या मिळतात, त्यांत सोरा (फटाक्यांच्या दारूत असतो तो क्षार) घातलेला असतो. मिनिटभरात तयार, पण अर्ध्या-पाऊण तासात राख. वर पहिले काही झुरके फटाक्यांच्या वासाचे! मला तरी तो वास सहन होत नाही.

खोक्यावरच्या दाव्यांवर जाऊ नका. दोन ठोकळे एकमेकांवर आपटून बघा: खणखणीत आवाज आला तर माल घट्ट, बोटाला काळी भुकटी लागली, कोपरे झडले, तर तो लवकर संपणार. राख पांढुरकी पडली की समजा, भेसळ कमी.

करवंटीचा कोळसा पेटायला आठ-दहा मिनिटं लागतात. शेगडीच्या कॉइलवर उलटसुलट करत सगळ्या बाजूंनी लाल होऊ द्या. अर्धवट काळा राहिलेला चिलमीवर ठेवलात तर डोकं धरलंच म्हणून समजा.

आणि खिडकी उघडी हवीच. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वासही नसतो.