गोळी चालू आहे, तरी हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न : माझं वय ३४. हिमोग्लोबिन ९.२ निघालं म्हणून दोन महिने रोज लोहाची गोळी घेतेय. बीट, खजूर, गूळही सुरू आहे. परवा तपासलं तर ९.५! सकाळी डब्याची आणि लोकलची घाई, त्यामुळे गोळी रात्री दुधाबरोबर घेते. दुसऱ्या कंपनीची घेऊ का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : कंपनी राहू द्या, आधी गोळीबरोबरचं दूध सोडा. दुधातल्या कॅल्शियममुळे लोहाचं शोषण कमी होतं. चहातलं टॅनिन तर त्याहून वाईट, ते लोहाला बांधूनच टाकतं. गोळी सकाळी उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा निदान तासाभराने प्या. ऑफिसात पोचल्यावर प्यायलात तर उत्तमच. कॅल्शियमची गोळी असेल तर ती रात्री. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की लोह नीट विरघळत नाही.

मळमळ किंवा बद्धकोष्ठता होत असेल तर गोळी परस्पर बंद करू नका, दिवसाआड चालेल का ते डॉक्टरांना विचारा. एक डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लोटून ठेवतं. त्यामुळे दिवसाआडच्या गोळीतलं लोह तुलनेने जास्त शोषलं जातं. शौचाला काळसर होणं हा गोळीचाच परिणाम. मात्र डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शौच झाली तर लगेच दाखवा.

पाकिटावरचा आकडाही फसवा असतो. फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिलिग्रॅम असतं.

आता बीट. रंग लाल म्हणून रक्त वाढतं, हा समज काही जाता जात नाही. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमही लोह नसतं आणि तुमच्या वयाच्या स्त्रीची रोजची शिफारस आहे २९ मिलिग्रॅम. त्यापेक्षा बाजरीची भाकरी आणि मोड आलेली मटकी बरी; मोड आणल्याने लोह अडवणारं फायटेट कमी होतं. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा, उकळत्या भाजीत क जीवनसत्त्व टिकत नाही. चिंच-कोकमाची आमटी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह त्यातूनही उतरतं, फक्त झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. मासे-मटण खात असाल तर तिसऱ्या (शिंपल्या), कलेजी. त्यांतलं लोह शरीराला जास्त सहज मिळतं. पण ९.५ वरून नुसत्या आहाराने वर येणं अवघड, गोळी लागेलच.

हे सगळं पाळून महिन्याभरात निदान १ ग्रॅमने वाढ दिसायला हवी. नाही दिसली तर कारण शोधायचं. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, गाठी पडतात का, मूळव्याध आहे का? फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासा, पण ताप-सर्दी असताना नको. तेव्हा ते खोटं वाढलेलं दिसतं. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, कमी आणि त्यांची संख्या मात्र भरपूर असेल, तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाचा, संशय घ्यावा आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करावी. नुसता थॅलेसेमिया मायनर असेल तर लोहाने काहीच फरक पडत नाही. तो निघाला आणि पुढे मूल हवं असेल, तर पतीचीही तपासणी आधी करून घ्या.

आकडा १२ ला पोचला की गोळी लगेच थांबवू नका. शरीरातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला न्यूट्रिशन शिकायचंय. तीन महिन्यांचे ऑनलाइन कोर्स दिसतात. त्यावर हॉस्पिटलात नोकरी मिळेल?
– एक पालक, बोरिवली

उत्तर : हॉस्पिटलसाठी तेवढं पुरत नाही. मुंबईत निर्मला निकेतन आणि एसएनडीटीचं जुहूचं होम सायन्स कॉलेज ही जुनी ठिकाणं आहेत. पदवीनंतर एम.एस्सी. किंवा डाएटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा, मग हॉस्पिटलातली इंटर्नशिप, आणि त्यानंतर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा. हा विषय पाककृतींचा कमी आणि बायोकेमिस्ट्रीचा जास्त आहे. किडनीच्या रुग्णाला पोटॅशियम किती द्यायचं, हे रोजचं काम असतं. केमिस्ट्रीचा कंटाळा असेल तर पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम तिला आताच वाचायला द्या.