चेकवरच्या 'ॲट पार'चा अर्थ काय? शेअरच्या 'ॲट पार'शी त्याचा काही संबंध आहे का?

संबंध आहे, शब्द एकच आहे. 'पार' मूळचा लॅटिन, अर्थ 'समान'. पुस्तकी मराठीत 'सममूल्य' म्हणतात, पण त्याने कुणाच्या डोक्यात फारसा उजेड पडत नाही. मला विचाराल तर 'ॲट पार' म्हणजे बट्टा न कापता. जुन्या काळी एका टांकसाळीचं नाणं दुसऱ्या मुलखात मोडताना सराफ जी घट कापायचा, तो बट्टा. कागदावर जेवढा आकडा, तेवढेच पैसे हातात पडले की व्यवहार 'ॲट पार'.

मी बँकेतून निवृत्त झालोय, म्हणून आधी चेक. कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकाच संगणक यंत्रणेला जोडणं, येण्यापूर्वी खातं शाखेचं असायचं, बँकेचं नाही. नागपूरच्या शाखेवरचा दहा हजारांचा चेक तुम्ही पुण्यात भरलात की तो वसुलीसाठी टपालाने नागपूरला जायचा. आमच्या भाषेत 'आउटस्टेशन'चा चेक. पैसे जमा व्हायला वेळ लागायचा तो लागायचाच, वर कलेक्शन चार्जेस वजा व्हायचे. काउंटरवर सगळ्यात जास्त वादावादी याच्यावरून. 'पेएबल ॲट पार ॲट ऑल ब्रँचेस' या ओळीचा अर्थ असा, की आमची शाखा ज्या गावात असेल तिथे हा चेक गावातलाच समजा, त्यातून काही कापलं जाणार नाही. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने असेच चेक द्या, त्यासाठी जादा पैसे घेऊ नका, असं बँकांना सांगितलं. आता सीटीएस म्हणजे 'चेक ट्रंकेशन सिस्टीम'मुळे चेकचा कागद प्रवासच करत नाही, त्याची फक्त प्रतिमा जाते. त्यामुळे ती ओळ बरीचशी शोभेपुरती उरलीय.

मात्र ही ओळ म्हणजे हमी नव्हे. खात्यात पैसे नसतील तर ॲट पार चेकही परत येतोच.

आता शेअर. इथे 'पार' म्हणजे दर्शनी मूल्य, म्हणजे फेस व्हॅल्यू. १९७७ मध्ये रिलायन्सने पहिल्यांदा लोकांना शेअर विकले ते दहाचा शेअर दहालाच, म्हणजे ॲट पार. त्याहून जास्त घेतले तर प्रीमियम. कमीत द्यायचे तर डिस्काउंट, पण २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ५३ ने ते बंद केलंय (स्वेट इक्विटी, म्हणजे कर्मचाऱ्यांना किंवा संचालकांना कामाच्या मोबदल्यात दिलेले शेअर, असे मोजके अपवाद सोडून).

खरी गंमत लाभांशात आहे आणि तिथेच बरेच जण फसतात. लाभांशाची टक्केवारी बाजारभावावर नसते, दर्शनी मूल्यावर असते. एमआरएफचा शेअर लाखाच्या वर गेला, तरी त्याचं दर्शनी मूल्य दहाच रुपये. कंपनीने ३० टक्के अंतरिम लाभांश जाहीर केला की तुमच्या हातात एका शेअरमागे येतात ३ रुपये! बातमीत '३० टक्के' वाचून हरखून जाऊ नका, आधी दर्शनी मूल्य बघा.

रोख्यांचंही तसंच. हजाराचा, ७ टक्क्यांचा रोखा तुमच्याकडे आहे आणि बाजारात नवे रोखे ८ टक्क्यांनी निघाले, तर तुमचा हजाराला कोण घेईल? तो हजाराच्या खाली, 'बिलो पार' जातो. पण मुदत संपेपर्यंत धरून ठेवलात तर फेड ॲट पार, म्हणजे पूर्ण हजार. अर्थात रोखे काढणारा तोवर शाबूत असला तर.

राहिला बोलण्यातला वापर. 'आमचं कॉलेज त्यांच्या ॲट पार आहे' असं हल्ली सर्रास ऐकू येतं. इंग्रजीत तिथे सहसा 'ऑन पार' म्हणतात. मराठीत बोलत असाल तर 'त्यांच्या तोडीचं' म्हणा की सरळ.