वाक्य पूर्ण व्हायच्या आत पुढचा शब्द आपल्याला कसा सुचतो?
मेंदू शब्दाची वाट बघत बसत नाही, आधीच्या शब्दांवरून पुढच्याची तयारी करून ठेवतो. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या मेंदू-संशोधकांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना इंग्रजी वाक्यं वाचायला दिली. 'त्याने गरम पावावर लावले मोजे' अशा थाटाची! विचित्र शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूची विद्युतलहर ऋण बाजूला ठळकपणे झुकली. हीच 'एन४००'. शब्द जितका अपेक्षित, तितकी ती लहान.

पण मेंदू नेमका शब्दच आधी ठरवतो का? इथे वाद आहे. २०१८ मध्ये नऊ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या प्रयोगात त्याचा एक गाजलेला पुरावा पुन्हा मिळाला नाही. मला तरी ढोबळ अर्थाचा अंदाज जास्त पटतो.