व्हिडिओ गेमचं जग टेबलटॉप आरपीजीत आणायचं तर सुरुवात कुठून करावी?

आवडत्या व्हिडिओ गेमचं टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत फाशांनी खेळायचा खेळ, तुम्हाला करायचा आहे. तुम्ही लिहिलंय की गेममधली शस्त्रं, त्यांचं डॅमेज (एका वाराने होणारं नुकसान), अख्खा स्किल ट्री (पात्राला टप्प्याटप्प्याने मिळणारी कौशल्यं) एक्सेलमध्ये उतरवून झालाय आणि आता कुठले फासे वापरायचे एवढंच ठरवायचं राहिलंय. माझा सल्ला जरा कडू लागेल: ती फाइल सध्या मिटून ठेवा. व्हिडिओ गेममध्ये आकडे फुकट असतात, कारण ते संगणक मोजतो. टेबलावर तेच आकडे माणसांना मोजावे लागतात. सेकंदाला दहा गोळ्या झाडणारी बंदूक स्क्रीनवर धमाल आणते, पण टेबलावर एकेका गोळीसाठी फासा टाकायला लागलात तर दुसऱ्या फेरीपर्यंत निम्मे खेळाडू मोबाइल काढतील.

आधी एवढंच शोधा की हा गेम खेळताना तुमचा जीव कशात अडकतो. 'डार्क सोल्स'मध्ये तलवार किती डॅमेज करते हे आठवड्याभरात विसरायला होतं. जमवलेले सोल्स, म्हणजे मेल्यावर हातून जाणारी कमाई, घेऊन मागच्या सुरक्षित शेकोटीकडे परतावं की अजून एक दार उघडून बघावं, ही घालमेल मात्र विसरत नाही. 'डिसऑनर्ड'मध्ये माणसं मारत सुटलं की शहरात उंदीर वाढतात, पहारे वाढतात, शेवटही काळाकुट्ट होतो. अशी एक घालमेल सापडली की तिच्यासाठी एकच नियम करा. उदाहरणार्थ, कागदावर आठ भागांचं वर्तुळ काढायचं, प्रत्येक खुनाला एक भाग रंगवायचा आणि वर्तुळ भरलं की शहर एक पायरी खाली जातं. 'ब्लेड्स इन द डार्क' (2017) हा टेबलटॉप आरपीजी खेळलेल्यांना हे वर्तुळ ओळखीचं वाटेल, तिथे त्याला घड्याळ म्हणतात. खेळाडूंची नजर त्या कागदावर राहते आणि गेम मास्टरला, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणाऱ्याला, धमक्या द्याव्या लागत नाहीत.

व्यावसायिक रूपांतरांतही हे दिसतं. 'ड्रॅगन एज' या व्हिडिओ गेमवरून ग्रीन रोनिन या प्रकाशकाने काढलेल्या टेबलटॉप खेळात तीन सहा-बाजूंचे फासे टाकतात. वार लागला आणि कुठल्याही दोन फाशांवर सारखा आकडा आला, तर स्टंट पॉइंट मिळतात आणि त्यांतून शत्रूला ढकलणं, खाली पाडणं असले प्रकार करता येतात. सारखे आकडे येण्याची शक्यता 216 पैकी 96, म्हणजे साधारण 44 टक्के. त्यामुळे लढाईत सतत काहीतरी घडत राहतं आणि मूळ गेममधली झटापटीची मजा आकड्यांची नक्कल न करताच मिळते. 'फॉलआउट'ची गंमत तर उलटीच आहे. 1997 चा तो गेम आधी गर्प्स या टेबलटॉप नियमावलीवर बेतला जाणार होता. ते फिसकटलं म्हणून पात्राचे ताकद, नशीब असे सात गुण मोजणारी 'स्पेशल' नावाची पद्धत आली. टेबलावरच्या नियमांपासून सुरुवात झालेल्या त्या गेमचा टेबलटॉप आरपीजी 2021 मध्ये मोडिफियस या प्रकाशकाने काढला.

सगळ्यात जास्त डोकं मृत्यूवर खर्च करा. बहुतेक घरगुती रूपांतरं इथेच फसतात. व्हिडिओ गेममध्ये एकाच बॉसकडून (टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बड्या शत्रूकडून) वीसदा मरणं हाच अभ्यास असतो. विसाव्या वेळी त्याचा कुठला हात कधी उठतो ते पाठ झालेलं असतं. टेबलावर मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायला सेव्ह फाइल नाही. मग तो अभ्यास दुसऱ्या वाटेने द्यावा लागतो. मी गेम मास्टर असतो तेव्हा राक्षसाची पुढची चाल खेळाडूंची पाळी येण्याआधीच दिसेल तशी सांगून टाकतो: "त्याने पंख मागे ओढलेत, छाती फुगतेय." आता पळायचं, आडोसा घ्यायचा की तेवढ्यात वार करायचा, हे त्यांनी ठरवावं. फाशाच्या नशिबापेक्षा हा निर्णय मूळ गेमच्या कितीतरी जवळ जातो.

आणि त्या जगात मेलेले परत येत असतील तर बिनधास्त परत आणा, फक्त किंमत लावा. दर परतीला पात्राची एक आठवण पुसली जाते, आणि कुठली ते खेळाडूनेच निवडायचं. हा नियम एका ओळीत मावतो, पण याच्यावरून टेबलावर जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. परत येण्याची सोयच नसेल तर हरण्याचा अर्थ बदला: कैद, लुटालूट, हातचं गाव जाणं.

दुसरी अडचण एकट्या नायकाची. गेम एकासाठी लिहिलेला असतो आणि तुमच्या टेबलावर चौघे असतात. चौघांनाही तोच नायक व्हायचं असतं! आर. टॅल्सोरियन या प्रकाशकाच्या 'विचर' (2018) या टेबलटॉप आरपीजीत विचरसोबत, म्हणजे राक्षस मारणाऱ्या नायकासोबत, भाट, वैद्य, कारागीर, व्यापारी असे पेशे आहेत. नायकाच्या भोवती कोण जगतं याची यादी काढलीत की तुमचीही पात्रं सापडतील.

नियमावली कुठली? खरं सांगायचं तर याची चिंता लोक गरजेपेक्षा जास्त करतात. तुमच्या गटाला जी येते ती घ्या. एवढं लक्षात असू द्या की वीस-बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकडा 5 टक्के वेळा येतो, त्यामुळे निकाल लहरी असतात. तीन सहा-बाजूंच्या फाशांची बेरीज 10-11 च्या आसपास घुटमळते, म्हणून तिथे कसबी माणूस कसबी वाटतो. भीतीच्या, चोरट्या हालचालींच्या गेमला डी अँड डी ('डंजन्स अँड ड्रॅगन्स', सगळ्यात प्रसिद्ध टेबलटॉप आरपीजी) ओढूनताणून बसवू नका. तिचा जीव लढाईत आहे.

घरी खेळायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढे विकायचा विचार असेल तर गेममधली नावं आणि पात्रं कंपनीची आहेत, ती बदलावी लागतील. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम मात्र 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. श्रेय देऊन ते वापरता येतात.

तुमच्या गटात एकाने तो गेम कोळून प्यायलाय आणि दोघांनी पाहिलेलाही नाही, असंही तुम्ही लिहिलंय. मग गेमची मुख्य कथा वापरूच नका. तेच जग, पण नकाशात नुसतं नाव असलेलं एखादं शहर घ्या किंवा काळ पन्नास वर्षं मागे न्या. जाणकाराला तिथल्या चालीरीती माहीत असतील, पण पुढच्या दारामागे काय आहे ते त्यालाही ठाऊक नसेल. पहिल्या बैठकीला एक जागा, एक घालमेल आणि एक लढाई पुरे. मिटलेली एक्सेल फाइल तिच्यानंतर उघडा आणि खेळाडूंनी स्वतःहून ज्या शस्त्रांची चौकशी केली, तेवढ्यांनाच आकडे द्या.