युद्धनीतीचे जुने ग्रंथ आजच्या नेतृत्वाला खरंच उपयोगी आहेत का?

हो, उपयोगी आहेत. पण डावपेचांपेक्षा साधनं कशी जपावीत हे शिकण्यासाठी. मराठा राज्याचे अमात्य (अर्थमंत्री) रामचंद्रपंत यांचं राज्यकारभारावरचं ‘आज्ञापत्र’ (साधारण 1715) मूळ मजकुरातून वाचलं, तेव्हा मला हे पटलं. त्यात दुर्ग आणि आरमार यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड कसं आणायचं, हेही सांगितलंय. आंबा-फणसाचं लाकूड कामाचं खरं, पण त्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानेच तोडावं. बळजबरी मुळीच करू नये. आरमाराची निकड असतानाही ही मर्यादा घालून दिली आहे! माणसांवर खर्चकपात लादणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाने हा उतारा वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं. प्राचीन चिनी युद्धनीतिकार सुन त्झूचंही तसंच: लांबलेलं युद्ध राज्याला पोखरतं, हे तो ‘द आर्ट ऑफ वॉर’ या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्याच प्रकरणात बजावतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. हे ग्रंथ राजा आणि सेनापतींसाठी लिहिलेत. फसवणूक, हेरगिरी यांवरचा त्यांतला सल्ला सहकाऱ्यांवर किंवा ग्राहकांवर वापरायचा नाही.