कामवाल्या मावशींना कुष्ठरोग निघालाय, एमडीटी (दोन-तीन औषधं एकत्र द्यायचा उपचार) चालू आहे. त्यांना कामाला येऊ द्यावं का? आणि हा रोग भारतातून २००५ लाच संपला होता ना?

येऊ द्या, आजच फोन करून बोलवा त्यांना. मी स्वतः १२ महिने ह्याच गोळ्या खाल्ल्यात, चाळीतल्या एका खोलीत आम्ही सहा जण झोपायचो तेव्हा. गोळ्या सुरू झाल्या की पेशंटकडून रोग पसरायचा थांबतो. धोका असतो तो निदान व्हायच्या आधी आणि तो काळ तर त्या तुमच्याकडे काम करत असतानाच होऊन गेलाय, शिवाय बहुतेक लोकांचं शरीर ह्या जंतूला स्वतःच परतवतं.

संपला वगैरे नव्हता हो. १९९१ ला जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलं की २००० पर्यंत दर १०,००० लोकांमागे १ पेक्षा कमी पेशंट आणायचे, त्याला निर्मूलन म्हणायचं. देशाची सरासरी तिथे पोचली डिसेंबर २००५ ला. म्हणजे रोग कमी झाला, शून्य नाही झाला, पण लोकांनी ऐकलं 'संपला' आणि डॉक्टरसुद्धा विसरले. माझ्या हातावरच्या चट्ट्याला एका डॉक्टरने आठ महिने गजकर्णाचं मलम दिलं, तिथे टोचलेलं कळतं का, म्हणजे चट्टा बधिर आहे का, एवढं पण विचारलं नाही, ह्याचा मला अजून राग येतो. आजही जगातले निम्म्याहून जास्त नवे पेशंट आपल्याकडेच सापडतात.

औषध मात्र खरंच जबरदस्त आहे. वडाळ्याच्या ॲकवर्थ हॉस्पिटलात मला जुने पेशंट भेटले, बोटं झडलेली, त्यांच्या तरुणपणी एकटं डॅप्सोन होतं, वर्षानुवर्षं खायचं, आणि पुढे जंतू त्यालाही दाद देईनात. म्हणून १९८१ पासून रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन, डॅप्सोन एकत्र द्यायला लागले. रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच पण बहुतेक जंतू तेच मारतं, जे वाचतात त्यांना बाकीची दोन सोडत नाहीत. सगळं फुकट मिळतं, आधी जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने पैसे दिले, २००० पासून नोव्हार्टिस ही औषध कंपनी देत आली आहे.

मावशींना एवढं नक्की सांगा की महिन्याच्या डोसला लघवी लाल होते आणि क्लोफाझिमिनने कातडी काळपट पडते, घाबरून गोळ्या सोडायच्या नाहीत, नंतर रंग हळूहळू परत येतो. मला तर चाळीत सगळे विचारायचे, काय रे एवढा काळा कसा पडलास, तेव्हा फार वाटायचं सोडून द्यावं. मध्येच चट्टे सुजले, नसा दुखायला लागल्या तर ती रिॲक्शन असते, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, गोळ्या चालू ठेवूनच त्याचा वेगळा उपचार करतात, उशीर झाला तर गेलेली नस परत येत नाही. त्यांच्या घरच्यांना पण तपासून घ्या, जवळच्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस देतात.

आणि गरम कुकर उचलताना त्यांना चटका कळतो का ते विचारा. नसेल कळत तर गॅसजवळची कामं तुम्ही करा, त्यांच्या हातात जाड फडकं द्या आणि रोज संध्याकाळी हाताला कुठे फोड आलाय का बघायला सांगा.